हे डे : बार्न का भरतो, खिळे कुठून येतात आणि बाकीच्या भानगडी (अनुभव धागा)

शेवंती_लेव्हल९०

सुपरसेल कंपनीचा हे डे हा शेतीचा मोबाइल गेम २०१२ मध्ये आयफोन-आयपॅडवर आला आणि २०१३ मध्ये अँड्रॉइडवर. नवा खेळाडू आला की प्रश्न मात्र अजून तेच. बार्न (मालाचं गोदाम) भरला, आता काय? खिळे मिळतच नाहीत. ट्रकने माल पाठवायची ऑर्डर पुरी होत नाही. डायमंड (गेममधलं मोलाचं चलन) गेले कुठे? म्हणून म्हटलं, एकदा सगळ्यांनी आपापली युक्ती आकड्यांसकट लिहून ठेवावी. "खूप गोड गेम आहे" हे आम्हाला माहीत आहे, ते नको.

सुरुवात मीच करते. या गेममध्ये पीक कुजत नाही आणि जनावर मरत नाही. गहू २ मिनिटांत पिकतो, मग पंधरा दिवस तोडला नाही तरी तसाच डुलत उभा. त्यामुळे "वेळेवर गेलं नाही तर नुकसान" ही भीती सोडून द्या. इथे टंचाई असते ती जागेची. सायलो (पिकांचं कोठार) आणि बार्न दोन्ही ५० नगांच्या जागेवर सुरू होतात आणि एक पेरलं की दोन हाती येतात. २० वाफे गव्हाचे लावले की दर फेरीला सायलोत २० ची भर. मका आणि सोयाबीन आधीच पडून असतील तर दोन-तीन फेऱ्यांत सायलो तुडुंब, आणि सायलो भरला की विळा चालत नाही.

नवखा इथे घाबरून डायमंड मोडतो. काही गरज नसते. फीड मिलला (खाद्य बनवणाऱ्या यंत्राला) कोंबडीच्या खाद्याचे दोन घाणे लावा, त्यात ४ गहू आणि २ मके गेले. बेकरीत दोन पाव लावा, आणखी ६ गहू गेले. १२ ची जागा झाली, विळा फिरवा. फक्त कुठल्याही पिकाचा शेवटचा दाणा विकू नका. बियाणं म्हणजे तेच पीक, वेगळं काही मिळत नाही. शून्यावर आलात की दुसऱ्याच्या दुकानातून आणा नाहीतर डायमंड द्या. प्रत्येक पिकाचे चार-पाच दाणे राखीव, हा माझा नियम.

खिळेमोळे

बार्नबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बार्न वाढवायला बोल्ट, फळ्या आणि डक्ट टेप लागतात. सायलो वाढवायला खिळे, स्क्रू आणि लाकडी पॅनेल. पण हे सगळं साठतं बार्नमध्येच, सायलोचं सामानसुद्धा! शिवाय शेत वाढवायला लागणारे जमिनीचे कागद, हातोडे, खुंट्या, करवती, कुऱ्हाडी, डायनामाइट, टीएनटी, फावडी, जनावरांचं खाद्य... सगळ्यांचा मुक्काम तिथेच.

हिशेब बघा. ५० वरून ७५ ला जायला तिन्ही वस्तू एकेक. ७५ वरून १०० ला दोन-दोन. पुढे प्रत्येक पायरीला एकेक वाढते आणि जागा वाढते २५ ने. म्हणजे २०० वरून २२५ ला सात-सात, एकूण २१. सायलोही त्याच पायरीवर असेल तर त्याचे आणखी २१. दोनशेच्या बार्नमध्ये ४२ जागा नुसत्या सामानाने अडल्या, आणि एवढे तर लागणारच. खरा त्रास होतो तो जोडी न जुळणाऱ्या सामानाचा. खिळे १६ आणि स्क्रू २, असे असेल तर वरचे ९ खिळे त्या पायरीपुरते भंगार. ते ताबडतोब विकायचे आणि त्याच पैशात स्क्रू शोधायचे. हे सामान दुकानात मांडलं की जाहिरात न करताही पटकन उचललं जातं, कारण सगळेच त्याच्या मागे असतात.

"कधीतरी लागतील" म्हणून जपून ठेवणाऱ्यांचा बार्न कधीच वाढत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जी पायरी पुढे आहे तेवढंच ठेवा.

गहूबाई

खिळे येतात कुठून, तर पीक तोडताना अधूनमधून बक्षीस म्हणून पडतात. पीक महाग की स्वस्त हे बघून नाही, तोडण्याच्या संख्येवर. म्हणून सगळ्यात लवकर येणारं पीक घ्यायचं आणि तेच तेच करत राहायचं. यालाच सगळे "व्हीटिंग" म्हणतात. पद्धत अशी:

सगळे वाफे एकमेकांना चिकटवून एकाच पट्ट्यात मांडा. बोट न उचलता विळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. मध्ये झाड किंवा कुंपण आलं की बोट शेत सोडून कुंपणच हलवायला लागतं. सगळीकडे गहू पेरा, २ मिनिटं थांबा, तोडा, लगेच पुन्हा पेरा. दुसरी फेरी होईपर्यंत सायलोत गहू साचतो, तो रोडसाइड शॉपमध्ये (आपल्या शेताबाहेरच्या दुकानात) दहा-दहाच्या खणांत मांडा आणि किंमत ठेवा १ कॉइन. हो, दहा गव्हांना एक कॉइन. एका खणाला जाहिरात लावा. गेममधल्या वर्तमानपत्रात ती दुसऱ्या खेळाडूंना दिसली की गिऱ्हाईक येतं आणि शेजारचे खणही रिकामे करून जातं.

फुकट जाहिरात दर ५ मिनिटांनी एकच मिळते. तेवढ्यात गव्हाच्या दोन फेऱ्या होतात, म्हणजे लय बरोबर बसते. सुरू करण्याआधी बार्नमध्ये दहा-पंधरा जागा मोकळ्या ठेवा, नाहीतर सामान ठेवायचं कुठे?

मापात_पाप_नाही

गहूबाईंशी सहमत, पण १ कॉइन फक्त व्हीटिंगपुरतंच. एरवी कमाल भावाने विका. कमाल भाव दहा नगांचा असा: गहू ३६, मका ७२, गाजर ७२, सोयाबीन १०८, ऊस १४४, नीळ २५२, कापूस २८८, भोपळा ३२४. वरचं बटण दाबत गेलं की आकडा जिथे अडतो तोच कमाल भाव. गेम आपणहून जो भाव सुचवतो तो त्याहून कमी असतो, तो तसाच ठेवून मोकळं होणारे पुष्कळ.

आणि एक आडमुठेपणा लक्षात ठेवा. खणात मांडलेला माल परत घेता येत नाही. चुकून मांडलेलं काढायचं तर १ डायमंड देऊन ते कचऱ्यात जातं, बार्नमध्ये येत नाही. म्हणून आकडा दोनदा वाचायचा, मगच मांडायचं.

शेतावर पायी येणारी गिऱ्हाइकं सहसा दुकानाच्या कमाल भावापेक्षा कमीच देतात. त्यांना नाही म्हटलं तरी काही बिघडत नाही, मान हलवून निघून जातात. बार्न फुटायला आला असेल आणि ते नेमकं अडगळीतलंच मागत असतील, तर द्या.

चारापाणी

खाद्याचं गणित कुणी लिहिलं नाही म्हणून.

कोंबडी: २ गहू + १ मका, ५ मिनिटं. गाय: २ सोयाबीन + १ मका, १० मिनिटं. डुक्कर: २ गाजरं + १ सोयाबीन, २० मिनिटं. मेंढी: ३ गहू + १ सोयाबीन, ३० मिनिटं. प्रत्येक घाण्याला ३ पिशव्या.

खुराड्यात कोंबड्या ६, म्हणजे दोन घाणे बरोबर. गोठ्यात गाई मात्र ५. दोन घाण्यांत ६ पिशव्या, एक उरते. डुकरं आणि मेंढ्याही पाच-पाचच, तिथेही एकेक उरते. ही उरलेली पिशवी बार्नमध्ये जाते! पाचव्या फेरीला उरलेल्या पाच जमतात आणि तेव्हा घाणा लावायची गरजच नसते. हे न बघता यंत्राला दर वेळी दोन घाणे लावत राहिलं, की बार्नचा एक कोपरा नुसत्या खाद्याने भरतो.

अंडी २० मिनिटांत, दूध १ तासात, बेकन ४ तासांत, लोकर ६ तासांत. तयार झालं तरी लगेच गोळा करू नका. कोंबडीखालचं अंडं बार्नची जागा अडवत नाही. मका-पावाला २ अंडी, कुकीला २ अंडी, २ गहू आणि १ ब्राउन शुगर. सुरुवातीला सगळीकडे अंडीच कमी पडतात, ती विकू नका.

रिकामा_खण

बार्न भरलेला असताना यंत्रांना गोदाम समजा. झालेला माल यंत्रापुढे पडून राहतो, तुम्ही बोट लावेपर्यंत बार्नमध्ये जात नाही. तीच गोष्ट पिकलेल्या शेताची आणि गाईच्या दुधाची. ५० च्या बार्नमध्ये खेळतानाही बाहेर चांगला ३०-४० नगांचा माल उभा ठेवता येतो.

डायमंड घालायचेच असतील तर यंत्राच्या खणांत (माल रांगेत लावायच्या जागांत) घाला. सुरुवातीला दोन खण असतात, तिसरा ६ डायमंडचा, पुढचा ९, मग १२. तो कायमचा राहतो. वेळ वाचवायला घातलेला डायमंड मात्र गेला तो गेलाच. खण वाढवायचे तर आधी डेअरी आणि शुगर मिल. कुकी, केक, पाय, सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं.

झोपण्याआधी यंत्रात पाव (५ मिनिटं) लावून ठेवणं म्हणजे रात्रभर यंत्र बसवून ठेवणं. चीजला १ तास, सिरपला दीड तास, असं लांबचं काम रात्रीला ठेवा. शेतातही टोमॅटो (६ तास), स्ट्रॉबेरी (८ तास). दिवसा येता-जाता बघत असाल तर नीळ २ तास, कापूस अडीच तास, भोपळा ३ तास.

यंत्र जेवढे तास चालेल तेवढं त्याचं प्रावीण्य वाढतं (ते ताऱ्यांनी मोजतात), बंद असेल तो वेळ धरत नाहीत. तिसरा तारा मिळाला की वेळ १५ टक्के कमी. पाव ४ मिनिटं १५ सेकंदांत, कुकी ५१ मिनिटांत. म्हणून नको असलं तरी यंत्र रिकामं ठेवायचं नाही, काहीतरी लांबचं टाकून ठेवायचं.

वाळकं_झाड

फळझाडांकडे फार लक्ष जात नाही. काही तोडण्यांनंतर झाड वाळतं. वाळलं म्हणून लगेच तोडू नका, मदतीची पाटी लावा. कुणीतरी येऊन ते जिवंत करतं आणि आणखी एक तोडणी मिळते. त्यानंतर मात्र संपलं. मोठ्या झाडाला करवत, झुडपाला कुऱ्हाड. सफरचंदाला १६ तास लागतात, म्हणून सगळी झाडं एकाच दिवशी लावू नका. नाहीतर वाळतातही एकदम आणि करवती लागतात तेव्हा एकही नसते.

मंगळवारची_डर्बी

डर्बी म्हणजे शेजारांमधली (खेळाडूंच्या गटांमधली) कामं करून गुण मिळवायची स्पर्धा. ती मंगळवारी सुरू होते, त्याआधीच तयारी. एका शेजारात जास्तीत जास्त ३० जण, पण बाराच काम करणारे असतील तर ते बरे. एका वेळी एकच काम घेता येतं आणि अर्धवट राहिलं तरी ते वापरलं गेलं असंच धरतात. सर्वात वरच्या लीगमध्ये ९ कामं, दहावं हवं असेल तर १० डायमंड. सगळ्यात मोठं काम ३२० गुणांचं. म्हणून शिस्तीच्या शेजारात ३२० खालचं काम कुणी घेत नाही, पाटीवरून काढून टाकतात आणि नवं येण्याची वाट बघतात.

पीक तोडण्याचं काम सगळ्यात सोपं. गुण तोडल्यावर धरतात, पेरल्यावर नाही. आधी शेत पिकवून उभं ठेवा, मग काम घ्या, मग विळा. सायलोत जागा आहे ना, हे काम घेण्यापूर्वी बघा. बरेचदा घोटाळा इथेच होतो: काम घेतलं, घड्याळ सुरू आणि सायलो भरलेला.

बेकन_कुठून_येतं

थोडं हलकं. बेकनसाठी इथे डुक्कर मारत नाहीत, ते फक्त बारीक होतं. खाल्लं की पुन्हा गोल. मेंढी लोकर दिल्यावर उघडी पडते आणि कशी ओशाळल्यासारखी उभी असते ते जरा झूम करून बघा. कुत्र्याला बेकन लागतं, मांजराला दूध, घोड्याला गाजर. बदल्यात माल मिळत नाही, फक्त अनुभवाचे गुण. त्यामुळे बेकन ट्रकला हवं असेल त्या दिवशी कुत्र्यांना झोपू द्या.

शेवंती_लेव्हल९०

वस्तू आणून देणाऱ्या टॉम या पोराबद्दल कुणी लिहिलं नाही. तो १४ व्या लेव्हलला येतो, मागाल ती वस्तू शोधून तीन वेगवेगळ्या संख्यांचे पर्याय देतो आणि मग २ तास झोपतो. त्याला गहू-मका आणायला पाठवू नका, ते आपल्याच शेतात मिनिटांत होतं. ज्याला दोन-तीन यंत्रांतून जावं लागतं असं काही मागा. पहिले काही दिवस तो फुकट असतो, नंतर डायमंड. त्या फुकटच्या दिवसांत दर २ तासांनी उठवायचा.

आणि ट्रकच्या पाटीवर नकोशी ऑर्डर असेल तर सरळ कचऱ्यात टाका. थोड्या वेळाने दुसरी येते, दंड काही नाही. एकाच ऑर्डरसाठी भोपळे लावून ३ तास अडून बसण्यापेक्षा ते बरं.

गहूबाई

ट्रकवरून आठवलं. ऑर्डर टाकायची असेल तर झोपायच्या आधी टाका. रात्रीतून पाटी भरलेली असते, दिवसा वाट बघावी लागत नाही.