पहिल्यांदाच आरव्ही घेऊन डिस्नेला: आई-बाबांना घेऊन गाडीत राहायचं का गपगुमान हॉटेल घ्यायचं?

लातूरचा थोरला
राम राम मंडळी. धाकटा भाऊ अटलांटाला असतो, मे मध्ये आम्ही आई-बाबा, मी, बायको अन् दोन लेकरं असे सहा जण त्याच्याकडं जायलोत. व्हिसा झाला, तिकिटं झाली. आता भावाच्या डोक्यात नवीनच खूळ घुसलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या लेकरांना सुट्टी लागलेली असती म्हणून सगळ्यांनी ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं, पण हॉटेलात उतरायचं नाही, आरव्ही भाड्यानं घ्यायची. म्हणजे ती घरासारखी गाडी, आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम सगळंच. डिस्नेचंच फोर्ट विल्डरनेस म्हणून कॅम्पग्राउंड आहे, १९७१ पासून चालू, ७५० एकर झाडी, तिथं आपली गाडी लावायला जागा मिळती, जागेलाच लाईट-पाणी-ड्रेनेज जोडून देतात, टेबल अन् कोळशाची शेगडी असती. एका जागेवर १० माणसं चालतात अन् आम्ही दोन्ही घरचे मिळून बरोबर १०! भाऊ म्हणतो हा योगच आहे. बायको म्हणती हा योग नाही, भोग आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबांना ६ वाजता चहा अन् ७ ला आंघोळ लागती. मी मधी अडकलोय. तुम्ही काय केलं असतं?

माजलगावचा मास्तर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या भागातून दिवाळी झाली की बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर भांडी, शेळी अन् लेकरं टाकून कारखान्याला निघतात अन् चार-पाच महिने कोपीत, म्हणजे झोपडीत, काढतात. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या काळात गायब असतात. त्यांच्या आईबापाला सांगून बघा की अमेरिकेत लोक पैसे मोजून असं राहतात, काय म्हणतात ते मला कळवा. ज्याला पर्याय नाही तो गाडीत झोपतो. तुम्हाला पर्याय आहे तर म्हाताऱ्या माणसांना खोली घ्या, खाली चांगला पलंग, संडासला धरायला दांडा. हौस तुमच्या भावाची अन् गुडघे तुमच्या आईचे, हे गणित मला पटत नाही.

पैठणची पायवाट
मास्तर, कोपी अन् आरव्ही एका दावणीला बांधू नका, तिकडं पोटाचा प्रश्न आहे, इकडं हौसेचा. तुलनाच करायची तर दिंडीशी करा. नाथांच्या पालखीसोबत मी चार वर्षं चाललोय, दिंडीचा ट्रक म्हणजे आपला आरव्हीच की ओ! पुढं निम्म्यात पिठाची पोती, गॅस, पातेली, मागं वळकट्या, वर ताडपत्री, सोबत पाण्याचा टँकर. रात्री पाल ठोकायचं अन् पहाटे उपटायचं. सत्तरीच्या आज्ज्या आमच्यात असतात, कुणाचा गुडघा धड नसतो, पण घरी बसल्या की जास्त दुखतो अन् दिंडीत कमी, हे मी डोळ्यांनी बघितलंय. लातूरकर, तुम्ही तर येळवसवाले. सगळा गाव घर सोडून रानात जेवायला जातो, भज्जी अन् आंबिल घेऊन, तेव्हा कुणी म्हणतं का की हॉटेलात टेबल बुक करा? म्हाताऱ्यांना काय पाहिजे असतं, चार लेकरं डोळ्यासमोर. हॉटेलात तीन खोल्या घ्याल तिसऱ्या मजल्यावर, एक ह्या टोकाला एक त्या टोकाला, अन् आई-बाबा टीव्ही बघत बसतील ज्यातलं काही कळत नाही. जावा बिनधास्त.

नांदेडची लेक
पैठणकर दादा, दिंडीत तुम्ही चाललात हे खरं, पण भाकरी कुणी थापल्या ते पण लिहा की 🙂
मी चार वर्षं तिकडं होते अन् फोर्ट विल्डरनेसला आरव्ही घेऊन तीन रात्री राहिलेय, म्हणून जे बघितलं ते सांगते. जागा लै सुंदर आहे. हरणं येतात, रात्री मोठी शेकोटी असती, चिप अन् डेल ह्या डिस्नेच्या कार्टूनमधल्या खारी येऊन लेकरांसोबत गाणी म्हणतात, मग मोकळ्यावर सिनेमा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तलावातून बोट आहे ती थेट मॅजिक किंगडम ह्या डिस्नेच्या पार्काच्या दारात सोडती, बाकी कुठल्या बस-पार्किंगच्या भानगडीत न पडता. ती बोट माझ्या सासऱ्यांना पार्कापेक्षा जास्त आवडली होती.

पण लातूरचे दादा, तुमचं गणित पहिल्याच पायरीला चुकलंय. जागेवर १० माणसं चालतात म्हणजे गाडीत १० मावतात असं नाही. भाड्याच्या गाडीवर "झोपायला ८" लिहिलेलं असतं, त्यातले दोन ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर, दोन जेवायचं टेबल मोडून केलेल्या पलंगावर. अन् झोपायची जागा वेगळी, बसायचे पट्टे वेगळे. जेवढे सीटबेल्ट तेवढीच माणसं चालत्या गाडीत. आई मागच्या पलंगावर आडवी पडून जाईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, ब्रेक लागला तर तो पलंग म्हातारीला धरून ठेवत नाही. म्हणजे दुसरी गाडी लागणारच.

दुसरं, स्वैपाक. दोन शेगड्यांच्या ओट्यावर दहा जणांच्या पोळ्या? फोडणी टाकली की डोक्यावरचा धुराचा अलार्म केकाटतो. मी तीन दिवस त्या गाडीत चहा, पोहे, खिचडी हेच करत बसले अन् बाकीचे "मज्जा आली" म्हणत होते. माझी सुट्टी नव्हतीच ती, माझा ओटा फक्त नांदेडहून फ्लोरिडाला गेला होता.

परभणीचं पोरगं
😂😂 ओटा फ्लोरिडाला गेला
एक गोष्ट कुणीच बोलेना म्हणून मी बोलतो. संडासची टाकी कोण रिकामी करणार?? त्याला ब्लॅक टँक म्हणतात, हात धुवायच्या-आंघोळीच्या पाण्याची वेगळी ती ग्रे टँक. पाईप लावून खटका ओढायचा. आधी काळी सोडायची अन् मग ग्रे, म्हणजे मागच्या साबणाच्या पाण्यानं पाईप धुऊन निघतो. अन् जागेला ड्रेनेज जोडलंय म्हणून काळीचा खटका उघडाच ठेवायचा नाही, पाणी वाहून जातं अन् बाकीचं आतच थप्पी लावून बसतं. दोन-तृतीयांश भरली की मगच सोडायची. माझा चुलतभाऊ टेक्सासला आहे त्यानं उघडा ठेवला होता, पुढचं विचारू नका, आज पण तो वरण खाताना गप्प होतो.

लातूरचा थोरला
परभणीकर, जेवायच्या टायमाला असलं कावून लिहायलाव राव.
नांदेडच्या ताई, पट्ट्यांचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. भावाला विचारलं तर म्हणतो त्याची सात सीटची गाडी आहे, पाच जण तिच्यात अन् पाच आरव्हीत. मग आरव्ही चालवणार कोण? तो. त्यानं याआधी काय चालवलंय? तीच सात सीटची.

जालनेकर वायरिंगवाला
लाईटचं मी सांगतो, धंदाच तो. तिकडं ३० अँपिअरचं कनेक्शन अन् १२० व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॅट झाले. एसी दीड हजार खातो, मायक्रोवेव्ह दीड हजार, वर वहिनींनी केस वाळवायचं मशीन लावलं की खटका पडला. हे सगळं एकावेळी न लावायची शिस्त लागती, आपल्याला लोडशेडिंगनं ती आधीच लावलीय. ५० अँपिअरवाली गाडी घेतली तर १२,००० वॅट मिळतात, दोन एसी चालतात. जूनमधे फ्लोरिडात एक एसी अन् दहा माणसं म्हणजे भट्टी. आपल्याकडं ४२ असतं पण कोरडं, तिकडं ३२-३३ ला अंग चिकट चिकट होतं. दुपारून रोज ढग गडगडून येतात, विजा पडतात. माझं मत जावा असंच आहे, पण गाडी मोठी घ्या.

माजलगावचा मास्तर
वायरिंगवाले दादा, आता तुम्हीच मोठी गाडी म्हणायलेत. मोठी म्हणजे तीस-बत्तीस फूट, आपल्या एसटीच्या जवळपास. ज्यानं कधी ट्रॅक्टर-ट्रॉली पण मागं घेतली नाही त्याला अटलांटा ते ऑरलँडो ७०० किलोमीटर सांगायलेत? वळण घेताना मागचं बूड उलट्या बाजूला फिरतं, उंची अकरा-बारा फूट, पेट्रोल पंपाचं छत दिसतं तेवढं उंच नसतं. अन् ॲव्हरेज? लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. जाऊन-येऊन चारशे लिटरच्या आसपास पेट्रोल जाळायचं अन् म्हणायचं हॉटेलचे पैसे वाचले!

संभाजीनगर सिडको
आमचा घरचा अनुभव. राज्य सरकारनं २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा पेपरात वाचून मला पण उमाळा आला होता. पुण्याहून एक गाडी ड्रायव्हरसकट भाड्यानं घेतली, नाव सांगत नाही, वेरूळ-पैठण असा बेत. पहिल्याच रात्री गाडीतला एसी बंद, लावायला जागा नाही, शेवटी एका ढाब्याच्या मागं लावली अन् रात्रभर ट्रकांचे हॉर्न. टाकी कुठं सोडायची ह्याचा तर ड्रायव्हरलाच पत्ता नव्हता. पण गंमत अशी की माझी पोरं आज पण त्याच रात्रीची गोष्ट सांगतात, ताजमधे राहिलेली त्यांना आठवत नाही. म्हणून मी विरोधात नाही. माझं म्हणणं इतकंच की गाडी वाईट नसती, लावायच्या जागेला लाईट-पाणी-ड्रेनेज नसलं की हाल होतात. तिथं ते आहे.

पाण्याचं पण बोला कुणी तरी, दहा जणांच्या आंघोळी कशा?

परभणीचं पोरगं
लातूरवाल्यांना पाण्याचं शिकवायलाव? २०१६ ला ह्यांच्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं 😄 एक बादलीत आंघोळ, त्याच पाण्यात पाय, तेच झाडाला.

नांदेडची लेक
हसू नका, खरंच तीच सवय कामाला येती. नळ जोडलेला असतो म्हणून पाणी संपत नाही, पण गरम पाण्याची टाकी बऱ्याच गाड्यांत ६ गॅलनची, म्हणजे २३ लिटर. एक बादली अन् वर तांब्याभर. पहिला माणूस शॉवरखाली गाणं म्हणत उभा राहिला की दुसऱ्याला गार. बाबांची ७ ची आंघोळ पहिल्या नंबरला ठेवा. बाकीच्यांनी कम्फर्ट स्टेशनला जावं, जागांच्या मधी मधी आहेत, एसी बाथरूम अन् कपडे धुवायची मशीन, चांगली स्वच्छ.

गुडघ्यांचं पण ऐका. आरव्हीच्या पायऱ्या उंच असतात, दिवसातून वीस वेळा चढ-उतार. अन् कॅम्पग्राउंड एवढं मोठं की आत स्वतःची गाडी घेऊन फिरता येत नाही, आतली बस घ्यावी लागती नाहीतर गोल्फ कार्ट, म्हणजे छोटी उघडी गाडी. आईंसाठी कार्ट घ्याच, पैसे वेगळे पडतात अन् आधी बुक करावी लागती. बोट मॅजिक किंगडमला बरी, पण बाकी पार्कांना जायचं तर आधी आतली बस, मग बाहेरची बस. सकाळी दहा माणसं निघायला एक तास धरा.

आता उपाय. गाडी चालवूच नका! आरव्ही भाड्यानं देणारे कितीतरी जण गाडी थेट कॅम्पग्राउंडवर आणून लावून देतात, लाईट-पाणी-ड्रेनेज जोडून, परत न्यायला तेच येतात. तुम्ही दोन साध्या गाड्यांत आरामात जा. सातशे किलोमीटरची जोखीम पण गेली अन् पट्ट्यांची भानगड पण. शेजारी एक तंबू ठोका, दोघं भाऊ अन् मोठी पोरं त्यात. जागा मिळते दुपारी १ नंतर अन् सोडायची सकाळी ११ ला, त्या हिशोबानं निघा.

पैठणची पायवाट
ताई, तंबू म्हणजे शेवटी पाल ठोकायलाच लावलं की तुम्ही 🙏 भाकरीचं मात्र मान्य, बोललात ते मनाला लागलं. आमच्या दिंडीत भाकरी बायकाच थापतात, भांडी पण त्याच घासतात. मी तरी कधी उठलो नव्हतो.

माजलगावचा मास्तर
गाडी आणून देत असतील तर माझा निम्मा विरोध मागं. उरलेला निम्मा जूनचा. १ जूनपासून तिकडं वादळांचा हंगाम चालू होतो, नोव्हेंबरअखेर. सुरुवातीला जोर कमी असतो हे ठीक, पण ऐनवेळी रद्द केलं तर गाडीवाला पैसे देतो का अन् जागेचे परत मिळतात का, दोन्ही वेगवेगळं विचारा. अन् स्वैपाकाचं कुणीतरी लिहून घ्या लातूरकरांकडून.

जालनेकर वायरिंगवाला
स्वैपाकाला कोळशाची शेगडी आहे ना, वांगी भाजा, कणसं भाजा, ते काम गड्यांचं. सकाळी धपाटे घरून करून नेलेले. पार्कात घरचं खायला नेऊ देतात, फक्त काचेची बरणी नको. ठेचा प्लास्टिकच्या डब्यात घाला.

लातूरचा थोरला
काल रात्री भावाला व्हिडिओ कॉल केला, सगळे बसलो होतो. ठरलं ते असं. आरव्ही जागेवर मागवायची, ५० अँपिअरवाली, तीन रात्री. आई-बाबा, दोघी जावा अन् दोन बारकी लेकरं आत, आम्ही दोघं भाऊ अन् मोठी दोन पोरं तंबूत, तंबूला टेबलफॅन. कार्ट घ्यायची. पार्क दोनच दिवस, मधला दिवस मोकळा, शेकोटी अन् हरणं. गाडीत फक्त चहा, खिचडी अन् बाबांचं दूध, संध्याकाळची शेगडी आम्ही दोघं बघणार. बायकोनं हे तिसऱ्यांदा वदवून घेतलं अन् मोबाईलवर रेकॉर्ड केलं. तिचं पूर्ण पटलंय असं नाही, ती म्हणती चौथ्या रात्री हॉटेल पाहिजे, ते पण कबूल केलं.

बाबा इतका वेळ काहीच बोलले नव्हते. शेवटी चष्मा काढला अन् म्हणले, "सगळं ठीक आहे, ती टाकी कोण सोडणार तेवढं आधी सांगा."
अटलांटाकडून आवाज येईना. आम्हाला वाटलं नेट गेलं, पण मागं त्याचा पंखा फिरताना दिसत होता.