मदत हवी आहे: पाहुण्यांना शांत झोप मिळावी यासाठी लॉजमध्ये आधी कशावर खर्च करावा?

नमस्कार. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर आमचे १६ खोल्यांचे लॉज आहे. वडिलांनी ते सुरू केले आणि गेली सहा वर्षे त्याचा कारभार मी पाहते. दिवाळीनंतर मी वर्षभरातले सगळे ऑनलाइन अभिप्राय एका बैठकीत वाचून काढले. स्वच्छता आणि गरम पाणी यांबद्दल फारशी तक्रार नाही, मात्र ‘रात्री झोप झाली नाही’ हे या ना त्या शब्दांत वारंवार आले आहे. हे वाचून मला फार वाईट वाटले, कारण आमच्याकडे येणारा माणूस मुळात पाठ टेकायलाच येतो.

म्हणून एका शुक्रवारी मी स्वतः २०३ क्रमांकाच्या खोलीत झोपले. दिवा मालवला तरी दारावरच्या काचेतून पॅसेजमधल्या ट्यूबलाइटचा उजेड थेट उशीवर पडत होता. दाराखाली बोटभर फट आहे, त्यामुळे काउंटरवरचे बोलणे शब्दन्‌शब्द ऐकू येत होते. पहाटे पावणेचारला टाकी भरण्यासाठी मोटर सुरू झाली. तिचा पाइप नेमका पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीला आवळलेला असल्याने ती घरघर उशीतून जाणवत होती. मोबाइलवरचे अ‍ॅप त्या वेळी ४८ डेसिबल दाखवत होते. असे अ‍ॅप अचूक नसते हे मान्य, पण जागतिक आरोग्य संघटनेने शयनगृहासाठी सुचवलेली पातळी ३० डेसिबल आहे, हे पाहता फरक थोडाथोडका नाही.

जे किरकोळ खर्चात होण्यासारखे होते, ते केले. मोटर आता रात्री नऊच्या आत बंद होते, पाइप आणि क्लॅम्प यांच्यामध्ये रबर घातले आहे, आणि पॅसेजमध्ये कमी वॅटचे पिवळे दिवे लावले आहेत. आता खरा खर्च पुढे आहे. माझ्याकडे अडीच लाख रुपये आहेत आणि त्यात सगळे बसत नाही. रस्त्याकडच्या आठ खोल्यांच्या जुन्या सरकत्या खिडक्या बदलाव्यात, की सर्व खोल्यांतल्या मधोमध खोलगट झालेल्या गाद्या? खिडकीला दुहेरी काच बसवली, पण चौकटीच्या फटी तशाच राहिल्या, तर आवाज आत येतच राहतो, असे सुतार सांगतो आणि मला ते पटते. मग आहे त्याच खिडक्यांना रबरी पट्ट्या आणि जाड अस्तराचे पडदे लावून कितपत भागेल? गाद्यांच्या बाबतीत दुकानदार ४० डेन्सिटीचा फोम घ्या म्हणतो, तर वडिलांचा भरवसा काथ्याच्या गादीवर आहे. रोज वेगळ्या वजनाचा माणूस झोपणार असेल, तर यांपैकी कोणती गादी जास्त वर्षे टिकते? २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी ५ टक्के झाला, पण त्यासोबत इनपुट क्रेडिट बंद झाले. त्यामुळे या खरेदीवर भरलेला कर आता आमच्याच खिशातून जातो. चुकीची वस्तू घेणे परवडणार नाही, म्हणून इतके खोलात जाऊन विचारते आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. आमचे बरेचसे पाहुणे महालक्ष्मी एक्सप्रेसने किंवा रात्रीच्या बसने येऊन सकाळी सहा-सातच्या सुमारास दारात उभे राहतात. चेक-इन मात्र दुपारी बाराला. म्हाताऱ्या आजी काउंटरसमोरच्या बाकावर पिशवीला डोके टेकून डुलक्या घेत आहेत आणि वर पाच खोल्या रात्रभर रिकाम्या पडल्या आहेत, हे दृश्य सोमवार ते गुरुवार मी कितीतरी वेळा पाहिले आहे. आजवर आम्ही अशा वेळी आदल्या दिवसाचे पूर्ण भाडे, म्हणजे १६०० रुपये, मागत आलो. बहुतेक कुटुंबे नको म्हणतात, तसेच आंघोळ न करता दर्शनाला जातात आणि पुढे जोतिबा किंवा नृसिंहवाडीला निघूनही जातात. तेव्हा सकाळी सहा ते दुपारी दोन अशी आठ तासांची झोपेची खोली ७०० रुपयांना द्यावी, असे माझ्या मनात आहे. आठवड्याला अशा दहा खोल्या गेल्या तरी सात हजार रुपये होतात, आणि त्या खोल्या एरवी रिकाम्याच राहिल्या असत्या.

वडिलांना यात दोन धोके दिसतात. पूर्ण भाडे देणारा पाहुणाही आठ तासांचाच दर मागू लागेल, आणि एकाच दिवसात दोनदा चादरी-अभ्रे बदलायचे म्हणजे आमच्या दोन मावशींवर ताण येईल. दुसरी शंका मला अधिक खरी वाटते. तीर्थक्षेत्री किंवा रेल्वे स्टेशनजवळ ज्यांनी असे दर ठेवले आहेत, त्यांनी सफाईची पाळी कशी बसवली, आणि शनिवार-रविवारी किंवा नवरात्रात ही सोय बंद ठेवली का, हे कृपया सविस्तर सांगावे. दोन खोल्या मागच्या अंगणाकडे आहेत आणि तिथे रात्री खरोखर शांतता असते. त्या फक्त सकाळच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवाव्यात, की ‘शांत खोली’ म्हणून रात्री दीडशे-दोनशे रुपये जास्त घेऊन द्याव्यात, याबद्दलही मत हवे आहे. गाद्यांची ऑर्डर महिनाअखेरीस द्यायची आहे.