टी-शर्ट, खण, टॉवेल, ऑर्गंझा: मशीन एम्ब्रॉयडरीसाठी कोणत्या कापडाला कोणता स्टॅबिलायझर लावावा?

टाकेदोरे, सातारा

नमस्कार. मी साताऱ्यात घरीच मशीन एम्ब्रॉयडरीची कामे घेते. मशीन एका सुईचे आहे आणि रिंग (कापड धरून ठेवणारी चौकट) 100 बाय 100 मिलिमीटरची. जूनमध्ये शाळेच्या टी-शर्टवरची बोधचिन्हे, लग्नसराईत खणाच्या ब्लाउजचे गळे आणि पाठी, संक्रांतीच्या आधी वाणासाठी नावे घातलेले नॅपकिन व टॉवेल आणि अलीकडे ऑर्गंझाच्या साड्यांवरचे बुट्टे, अशी कामे वर्षभर येत राहतात. खण आळीकडच्या दुकानांतून मला जो पेपर मिळतो तो पांढरा, काम झाल्यावर फाडून काढायचा असतो आणि सध्या सगळ्याच कापडांना स्टॅबिलायझर, म्हणजे टाक्यांना आधार देणारा थर, म्हणून मी तोच लावते.

सुती कापडाच्या पिशव्यांवर आणि जीन्सवर तो उत्तम चालतो. टी-शर्टवर मात्र रिंगेत असताना गोल दिसणारे बोधचिन्ह रिंग काढल्यावर लंबगोल होते आणि पहिल्याच धुण्यानंतर त्याच्या कडेने चुण्या पडतात. टॉवेलवरची अक्षरे धाग्यांच्या फासांत बुडून जातात. खणाच्या ब्लाउजमध्ये टाक्यांखाली अडकलेले पेपरचे तुकडे अंगाला टोचतात आणि ऑर्गंझामध्ये तर मागचा पेपर सरळ आरपार दिसतो. कोणत्या कापडाला काय लावावे आणि बक्रम (खळीने ताठ केलेले कापड) किंवा शिवणकामातले पेस्टिंग (इस्त्रीने चिकटवायचा थर) वापरून यातले काही भागवता येईल का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शिवणवर्ग, सांगली

ताई, कापडाच्या नावावरून स्टॅबिलायझर ठरवायला गेलात तर यादी कधीच पुरी होणार नाही. वर्गातल्या मुलींना मी आधी कापड हाताने आडवे, उभे आणि तिरके ओढून पाहायला सांगते. ते ताणत असेल तर टाक्यांचा भार कापडाने आयुष्यभर पेलावा ही अपेक्षाच चुकीची ठरते. तो भार मागे कायम राहणाऱ्या थराने पेलला पाहिजे. ताणत नसेल, तर आधार फक्त शिवताना लागतो आणि नंतर तो काढून टाकता येतो. तुमच्या पिशव्या आणि जीन्स नीट येतात त्याचे कारण हेच आहे.

टी-शर्टचे होजिअरी कापड फासांनी विणलेले असते. प्रत्येक टाका कापडाला टाक्याच्या दिशेने आत ओढतो आणि काटकोनात थोडे बाहेर ढकलतो, म्हणूनच गोलाचा लंबगोल होतो. त्यात दाट सॅटिन टाक्याच्या (एकमेकांना खेटून पडणाऱ्या समांतर टाक्यांच्या पट्टीच्या) कडेने सुईची छिद्रे इतकी जवळ जवळ पडतात की फाडायचा पेपर डिझाइन अर्धे झाले असतानाच तिथून सुटतो आणि पुढची बाह्यरेषा भरावापासून सरकते. यासाठी कट-अवे हवा, म्हणजे मागे कायम राहणारा आणि कडेचा तेवढा कात्रीने कापायचा न विणलेला पॉलिएस्टरचा थर. नेहमीच्या जाडीच्या टी-शर्टवर भरीव बोधचिन्ह असेल तर साधारण 80 ते 90 जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ किंवा फिकट रंगाच्या टी-शर्टला त्याचा चौकोन बाहेरून दिसतो, तिथे सुमारे 50 जीएसएमचा मऊ जाळीदार कट-अवे लावावा. तोही पुरेसा वाटला नाही तर दोन थर एकमेकांना काटकोनात ठेवावेत, कारण यातले काही थर एका दिशेने किंचित ताणतात.

कापताना डिझाइनच्या कडेपासून पाच-सहा मिलिमीटर थर शिल्लक ठेवा आणि कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा धुण्यात दुमडतो आणि बाहेरून उठून दिसतो. टाक्यांना अगदी खेटून कापण्याचा मोह होतो, पण तेव्हा आधारही जातो आणि टी-शर्टला कात्री लागण्याचा धोकाही वाढतो.

टॉवेलचा प्रश्न मागच्या थराचा नसून वरच्या थराचा आहे. मागे साधा टिअर-अवे, म्हणजे तुमचा फाडून काढायचा पेपर, चालेल, पण फासांवर पाण्यात विरघळणारी पातळ पारदर्शक फिल्म पसरून मग शिवा, म्हणजे टाके फासांच्या वर बसतील. फिल्म धुतल्यावर जाते, त्यामुळे बारीक अक्षरांच्या आजूबाजूचे फास कालांतराने पुन्हा डोके वर काढतात. त्यासाठी अक्षरांखाली टॉवेलच्याच रंगाच्या धाग्याने विरळ भराव आधी घालून घ्यावा. जाड टर्किशचा टॉवेल रिंगेत दाबून बसवू नका, फास चपटे होऊन रिंगेचा ठसा राहतो. रिंगेत फक्त मागचा थर ताठ बसवून, त्यावर तात्पुरत्या चिकटीचा स्प्रे मारून टॉवेल ठेवावा आणि डिझाइनभोवती कच्च्या टाक्यांचा चौकोन घालावा. स्प्रे मशीनपासून दूर मारा; त्याचे कण हुकमध्ये (सुईखाली धाग्याचा फास पकडणाऱ्या भागात) आणि सुईवर बसले की धागा तुटायला लागतो.

ऑर्गंझाला मागे काहीच उरता कामा नये, म्हणून तिथे पाण्यात विरघळणारा, फिल्मसारखा नव्हे तर कापडासारखा तंतुमय प्रकार घ्यावा आणि तो साडीबरोबरच रिंगेत बसवावा. जास्तीचा आधी कापून टाकावा आणि मग कोमट पाण्यात नीट खळबळावे, नाहीतर त्या जागी कडकपणा राहतो. मात्र ऑर्गंझावर भरीव बुट्टा मुळात निवडूच नका. विरळ, रेषांचा बुट्टा असेल तरच कापड तो सांभाळते.

गणवेशवाले, मिरज

वरील बहुतेक माहितीशी मी सहमत आहे. टी-शर्टच्या बाबतीत मात्र एक सांगावेसे वाटते. आमच्याकडे शाळांची मोठी ऑर्डर असते तेव्हा टिअर-अवेचे दोन पदर लावूनच बोधचिन्हे काढली जातात आणि देताना माल व्यवस्थित दिसतो. कट-अवे महाग पडतो, शिवाय प्रत्येक नग उलटा करून कापण्यात वेळ जातो. घरगुती काम करणाऱ्यांनाही हिशेब पाहावाच लागतो.

शिवणवर्ग, सांगली

दादा, देताना माल चांगला दिसतो हे खरे आहे, कारण दोन पदरांमुळे शिवतानाचा आधार वाढतो. परंतु मुलाचा टी-शर्ट वर्षभर धुतला जाणार, पिळला जाणार. दोन्ही पदर फाडून काढले की टाक्यांच्या कडेला होजिअरीशिवाय काही उरत नाही आणि आत राहिलेला पेपरही धुण्यागणिक विरत जातो. खर्च वाचवायचाच असेल तर कट-अवेचा पूर्ण रोल घेऊन डिझाइनच्या मापाचे तुकडे पाडावेत, पण तो वगळू नये. चुण्या पडलेले बोधचिन्ह घेऊन पालक शाळेकडे जातात आणि शाळा ऑर्डर घेणाऱ्याकडे.

धागाकाम, विटा

स्टॅबिलायझरवर बरीच चर्चा झाली, म्हणून मी डिझाइनकडे आणि रिंग लावण्याकडे लक्ष वेधतो, कारण या दोन्हींतला दोष कोणताही थर झाकू शकत नाही.

आपण नेहमी वापरतो त्या 40 नंबरच्या धाग्यासाठी भरावाच्या ओळींतले अंतर साधारण 0.4 मिलिमीटर धरले जाते. इंटरनेटवरून घेतलेली पुष्कळ डिझाइने याहून दाट असतात. शिवाय मोठे डिझाइन लहान करताना टाक्यांची संख्या त्या प्रमाणात कमी झाली नाही, तर तेवढेच टाके कमी जागेत कोंबले जातात आणि कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते. पातळ कापडासाठी हे अंतर 0.45 ते 0.5 पर्यंत वाढवून पाहावे. भरावाखाली अंडरले (आधी पडणारे विरळ टाके) आहे ना, हेही सॉफ्टवेअरमध्ये तपासावे, कारण वरचे दाट टाके पडण्याआधी कापड आणि मागचा थर एकमेकांना बांधून ठेवण्याचे काम तोच करतो. गोलाचा लंबगोल होत असेल तर पुल कॉम्पेन्सेशन थोडे वाढवावे, म्हणजे टाके ज्या दिशेने आत ओढले जातात त्या दिशेने डिझाइन आधीच किंचित रुंद शिवले जाते.

रिंग लावताना होजिअरी सपाट असावी, ताणलेली नसावी. रिंगेत बसवल्यावर कडा ओढून कापड ताठ करण्याची सवय अनेकांना असते. तसे केल्यास ताणलेल्या कापडावर टाके पडतात, रिंग काढताच कापड मूळ मापावर येते, टाके मात्र येत नाहीत, आणि त्याचीच चुणी होते. स्क्रू आधीच बेताचा घट्ट करून मग रिंग दाबावी. होजिअरीसाठी 75/11 मापाची बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई वापरावी. तीक्ष्ण टोकाची सुई विणीचे धागे तोडते आणि धुतल्यावर तिथे भोके दिसू लागतात.

टाकेदोरे, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. माझी टी-शर्टची रिंग मी पुढच्या वेळी याच रीतीने लावीन. खणाविषयी थोडे अधिक सांगाल का? गिऱ्हाइके बहुधा शिवलेला ब्लाउजच आणून देतात. शिवाय रेशमी इरकलच्या पदरावर नाव किंवा बुट्टा घालून मागणारेही येतात, तिथे पाण्यात विरघळणारा थर चालेल का? बक्रमचेही राहिले.

शिवणवर्ग, सांगली

शिवलेल्या ब्लाउजवर काम घेणे शक्य तितके टाळावे. अस्तर लावण्यापूर्वी, आणि जमल्यास खण बेतण्यापूर्वीच, त्यावर गळ्याची आखणी करून भरतकाम करावे आणि मग कापून शिवावे. अस्तर मागून आले की टोचण्याचा प्रश्नच राहत नाही आणि मऊ जाळीदार कट-अवे तसाच आत ठेवता येतो. खणाची वीण ताणत नाही, पण कापलेल्या कडेने ती लवकर उसवते, म्हणून मागून हलके पेस्टिंग इस्त्रीने चिकटवून घेतल्यास फायदा होतो. इस्त्री आधी तुकड्यावर लावून पाहा, कारण आता मिळणाऱ्या पुष्कळ खणांत कृत्रिम धागा असतो आणि जास्त उष्णतेने तो आकसतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले: पेस्टिंग कापडाला अंग देते, परंतु दाट टाक्यांचा आधार म्हणून ते एकटे पुरत नाही, त्याच्याखाली स्टॅबिलायझर लागतोच. शिवलेला ब्लाउज घ्यावाच लागला तर काम झाल्यावर मागून मऊ, इस्त्रीने चिकटणारे विणीचे कापड लावून टाके झाकावेत.

बक्रमला ताठपणा बहुतांशी खळीमुळे असतो. धुण्यात खळ गेली की मागे विरळ विणीचे कापड उरते, आणि ते आटलेही तर चुण्या वाढतात. न धुतल्या जाणाऱ्या वस्तूला, उदाहरणार्थ तोरणाला किंवा भिंतीवर लावायच्या कामाला, बक्रम जरूर वापरा. ब्लाउजला आणि टी-शर्टला नको.

रेशमी इरकलला पाणी लावू नये असेच मी सांगेन. रंग फुटला की काठाचा रंग अंगावर उतरतो आणि तो पुन्हा निघत नाही. तिथे हलका टिअर-अवे घ्या आणि काढताना एका हाताच्या बोटांनी टाके दाबून धरून दुसऱ्या हाताने पेपर टाक्यांच्या दिशेने हळूहळू फाडा. दोन थर असतील तर एकेक करून काढा. रेशमात सुईचे छिद्र बहुधा बुजत नाही, तेव्हा उसवून पुन्हा घालण्याची सोय नाही असे धरूनच जागा निश्चित करावी. त्याच जातीच्या रेशमी तुकड्यावर आधी नमुना काढून पाहावा. तसा तुकडा नसेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट कल्पना देऊन मगच काम हातात घ्यावे.

धागाकाम, विटा

पाण्यात विरघळणाऱ्या फिल्मबाबत एक राहून गेले. ती हवेतली ओल शोषून घेते. साताऱ्याच्या पावसाळ्यात उघडी राहिली तर मऊ पडून चिकटते, आणि उन्हाळ्यात फार सुकली तर ठिसूळ होऊन सुईखाली फाटते. हवाबंद पिशवीत ठेवा, लागेल तेवढाच तुकडा बाहेर काढा आणि ओल्या हाताने तिला स्पर्श करू नका. कापून उरलेले लहान तुकडे फेकू नयेत. नॅपकिनवरच्या एकेका अक्षराला ते पुरतात.