कर्ण १२ दिलाय, बाकीच्या बाजू कशा काढायच्या?
ताई, काटकोन त्रिकोणात कर्ण १२ आणि एक कोन ३०° एवढंच दिलंय, पुढे काय, असं तुमच्या मुलीचं विचारणं आहे. इथे आधी कुणीतरी ३०°-६०°-९०° त्रिकोणाच्या बाजूंचं १ : √३ : २ हे गुणोत्तर पाठ करायला सांगितलंय. ते बरोबरच, पण ते येतं कुठून हे तिला एकदा दाखवाच. बाजू १२ चा समभुज त्रिकोण काढायला लावा आणि शिरोबिंदूतून पायावर लंब टाका. पाया दुभागतो, ६ आणि ६, आणि वरचा ६०° चा कोनही दुभागून ३०° होतो. म्हणजे ३०° समोरची बाजू कर्णाच्या निम्मी. उरलेली पायथागोरसने: १४४ − ३६ = १०८, म्हणजे ६√३, साधारण १०.३९.

आमच्या खानापूर भागातल्या मुलांना कौलारू घरावरून हे पटकन कळतं. उतार ३०° आणि भिंतीपासून आढ्यापर्यंत वासा १२ फूट धरला, तर आढं भिंतीच्या माथ्यापेक्षा ६ फूट वर.

खरी गडबड उलट्या गणितात होते. ६०° समोरची बाजू ९ दिली की मुलं थेट दुप्पट करून कर्ण १८ लिहितात. आधी √३ ने भागायचं: लहान बाजू ३√३, मग कर्ण ६√३. दोन्ही कोन ४५° असले तर सोपं, कर्णाला √२ ने भागलं की झालं.