फिब्युला फ्लॅप: दोन्ही नाड्या लागतात, तरी सीटी अँजिओ हवाच का?

प्लास्टिक_निवासी
तोंडाच्या कॅन्सरमध्ये खालचा जबडा काढल्यावर तो पुन्हा बांधायला पायातली फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) तिच्या धमनीसकट, म्हणजे फ्लॅप म्हणून, घ्यायची आहे. पावलावरची डॉर्सालिस पेडिस आणि आतल्या घोट्यामागची पोस्टिरिअर टिबियल, दोन्ही चांगल्या लागतात. क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंडं कमजोर, म्हणून सीटी अँजिओ (डाय देऊन रक्तवाहिन्यांचा स्कॅन) टाळायचाय. नाड्यांवर विसंबून पुढे जावं का?

सूक्ष्मरक्तवाहिनी
नाही. नाडी लागली म्हणजे पावलात रक्त पोचतंय इतकंच कळतं, ते कुठून येतंय ते कळत नाही. काही पायांत नडगीच्या पुढची आणि मागची धमनी, म्हणजे अँटिरिअर आणि पोस्टिरिअर टिबियल, दोन्ही जन्मतः बारीक असतात आणि फिब्युलालगतची पेरोनियल धमनी एकटीच पाऊल पोसते. तिची एक फांदी घोट्याच्या थोडं वर नडगी आणि फिब्युलामधला इंटरऑसिअस पडदा भेदून पुढे येते आणि डॉर्सालिस पेडिस होते, दुसरी मागून तळव्याकडे जाते. म्हणजे नाड्या दोन लागल्या, तरी धमनी एकच! ती फ्लॅपसोबत काढली की पाऊल धोक्यात. पायाच्या धमन्यांच्या फाट्यांचं किम यांचं 1989चं वर्गीकरण आहे, त्यात हा प्रकार 3सी. दुर्मीळ आहे, पण नुसती पोस्टिरिअर टिबियल बारीक असणं (3ए) त्याहून बरंच जास्त दिसतं.

क्रिएटिनिनची अडचण असेल तर कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. मात्र घोट्यापाशी प्रोब टेकवून सिग्नल ऐकला, एवढ्यावर भागत नाही. दोन्ही टिबियल गुडघ्यामागच्या उगमापासून घोट्यापर्यंत सलग बघायला सांगा, तेही दोन्ही पायांत. एका पायात वेगळेपण निघालं तर दुसऱ्यातही असण्याची शक्यता वाढते.

प्लास्टिक_निवासी
डॉपलरमध्ये शंका राहिली तर ऑपरेशन टेबलावर काय करायचं?

सूक्ष्मरक्तवाहिनी
बाहेरून शिरताना, हाड कापायच्या आधीच पडद्यावरची अँटिरिअर टिबियल दिसते. तिची जाडी तिथेच बघून घ्या. दोरीसारखी बारीक असेल तर थांबा. हाड कापताना फिब्युलाचं वरचं आणि खालचं टोक साधारण 6-6 सेंमी ठेवायचंच: वर कॉमन पेरोनियल नर्व्ह जपायला, खाली घोट्याच्या स्थिरतेसाठी. खालच्या कापापाशी पेरोनियल लगेच बांधू नका. आधी मायक्रो क्लॅम्प (बारीक चिमटा) लावा, टूर्निके (रक्त रोखणारा पट्टा) सोडा आणि पाऊल पुन्हा गुलाबी व्हायला पुरेसा वेळ द्या. मग बोटांचा रंग आणि दोन्ही ठिकाणचा डॉपलर बघा. बोटं पांढरीच राहिली किंवा सिग्नल गेला, तर क्लॅम्प काढा आणि पेरोनियल तोडू नका. स्कॅपुला (खांद्याचं पातं) किंवा इलिॲक क्रेस्टचा (कमरेच्या हाडाचा काठ) पर्याय रुग्णाशी आधीच बोलून ठेवलेला असावा, संमतीपत्रातही हवा.

गुडघा_ऑर्थो
विषय फ्लॅपचा आहे, पण धमन्यांचं हे वेगळेपण आमच्याकडेही नडतं. एरवी गुडघ्यामागची पॉप्लिटिअल धमनी पॉप्लिटिअस स्नायूच्या मागून उतरते आणि त्याच्या खालच्या काठाला तिला फाटे फुटतात. कधी अँटिरिअर टिबियलचा फाटा वरच निघून स्नायूच्या पुढून, थेट नडगीच्या हाडाच्या मागच्या बाजूला चिकटून जातो. हाय टिबियल ऑस्टिओटॉमीत (गुडघ्याखाली नडगी कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया) करवतीचं पातं मागच्या कॉर्टेक्सच्या (हाडाच्या कडक कवचाच्या) पार गेलं, तर एरवी मध्ये ढाल असणारा स्नायू इथे नसतो. गुडघा वाकवला म्हणून ही फांदी हाडापासून दूर जाईल असं धरून चालू नका. रिट्रॅक्टर (मऊ भाग बाजूला धरणारं अवजार) पेरिऑस्टिअमच्या (हाडावरच्या आवरणाच्या) खालून हाडाला घासत सरकवा, आणि मागचा कॉर्टेक्स शेवटी ऑस्टिओटोमने (हाडाच्या छिन्नीने), हळू.