मदत हवी आहे: ऑफिसातला परदेशी विनोद अहिराणीत कसा आणावा?

नमस्कार मंडळी. आम्ही धुळ्याची पाच-सहा जणं गावच्या यात्रेसाठी अहिराणीत तासाभराचा विनोदी प्रयोग बसवतोय. धान्याच्या अडतीचं ऑफिस आणि तिथला बढाईखोर साहेब. कल्पना 'द ऑफिस' या विनोदी टीव्ही मालिकेवरून सुचली. बीबीसीची मूळ मालिका २००१ची, अमेरिकन २००५ची, हिंदी २०१९ची. अमेरिकेत पहिला भाग जवळजवळ जुन्याच संहितेवर केला होता, पण मालिका रुजली ती पुढे साहेब थोडा मायाळू झाल्यावर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आमची अडचण मात्र वेगळी आहे. तिथला निम्मा विनोद अवघडलेल्या शांततेत आहे. परवा गच्चीवर तालीम होती. साहेबाने भलतंच बोलून टाकलं, सगळे पुतळ्यासारखे उभे. शेंगा सोलत बसलेल्या आजीने लगेच विचारलं, "मंग? मंग काय व्हयनं?" शांतता तिथेच मोडली. आपल्याकडे कोणी गप्प बसतच नाही!

'येस मिनिस्टर' या ब्रिटिश विनोदी मालिकेचं हिंदी रूप 'जी मंत्रीजी' २००१मध्ये आलं. तिथे बरं होतं, मंत्री आणि सचिवाची ओढाताण दिल्लीतही तशीच. अडतीत तसं काय सापडेल? उधारी, हमाल, मापाडी, काटा की साहेबाचा मेहुणा?

कोणी परदेशी मालिकेवरून एकांकिका किंवा प्रहसन बसवलं असेल तर सांगा: शांततेच्या जागी काय घातलंत? साहेबाला कितपत वाईट ठेवलंत? आणि नुसती कल्पना घेतली तरी परवानगी लागते का? अहिराणी संवाद तपासून देणारं कोणी असेल तर फारच उपकार होतील.