टाकाऊतून टिकाऊ नको, मग काय? दारूच्या झाकणांची वाकळ करावी का?

पाटी-पेन्सिल (ता. वाळवा, जि. सांगली)

नमस्कार. मी एका गावातल्या माध्यमिक शाळेत १८ वर्षं चित्रकला शिकवते. महिनाभर एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून इथं विचारते.

आठवीच्या वर्गाला मी घानाचे शिल्पकार एल अनात्सुई यांच्या कामाचे फोटो दाखवले. भिंतभर लोंबणारं, सोनेरी-लाल, चुण्या पडलेलं कापड. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, ही तर सोन्याची वाकळ!" मी सांगितलं, हे कापड नाही. दारूच्या बाटल्यांची झाकणं आणि गळ्याभोवतीच्या पट्ट्या चेपून, मुडपून तांब्याच्या तारेनं एकमेकींना बांधल्यात. वर्ग एकदम गप्प झाला. आमच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केलीय, म्हणजे दारूचं दुकान बंद पाडलंय. दारू म्हटलं की कुणाच्या घरातलं काय आठवेल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी एका मुलानं दप्तरातून पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत धुऊन पुसून आणलेली ४३ झाकणं. "आमच्या परड्यातली हैत," एवढंच म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

शाळेचं म्हणणं असं की दारूचं काही वर्गात नको. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं घ्या, तोरण करा, 'टाकाऊतून टिकाऊ'च्या प्रदर्शनात लावू. त्यांची काळजी मला कळते. पण पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण काय सांगणार? अनात्सुईंनी झाकण घेतलं ते फुकट मिळतं म्हणून नाही. युरोपचे व्यापारी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आले तेव्हा देवाणघेवाणीच्या मालात दारू होती, आणि त्या देवाणघेवाणीत माणसंही विकली गेली. झाकण म्हणजे त्या व्यवहाराची उरलेली खूण.

त्यांचा जन्म १९४४ चा, अन्याकोचा. तेव्हा देशाचं नाव घाना नव्हतं, इंग्रजांचं 'गोल्ड कोस्ट' होतं. वडील केंटे, म्हणजे तिकडचं पट्ट्यापट्ट्यांचं रंगीत कापड, विणणारे. कुमासीच्या कॉलेजात मात्र शिकवलं ते सगळं युरोपचं. हे वाचताना मी थांबले, कारण ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करताना मीही ग्रीक चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे बघून शेडिंग केलंय, आणि घरी आजीची वाकळ अंगावर घेऊन झोपलेय. त्या वाकळेचं एकही रेखाटन आम्हाला कुणी करायला सांगितलं नाही. अनात्सुई पुढं बाजारात माल मांडायच्या लाकडी ताटांकडं वळले, तापल्या सळईनं त्यांवर अदिंक्रा, म्हणजे घानात कापडावर छापतात ती अर्थवाही चिन्हं, उमटवू लागले. १९७५ पासून नायजेरियातल्या न्सुक्का विद्यापीठात शिकवत राहिले. झाकणांची पिशवी त्यांना न्सुक्काजवळच सापडली, १९९० च्या दशकाच्या शेवटी.

तर विचारायचं असं. मी हट्ट धरावा का? आणि झाकण ही त्यांची खूण असेल, तर आपल्या सातारा-सांगलीत इंग्रजी अमलाची खूण अंगावर असलेलं भंगार कोणतं? मला त्यांची नक्कल करायची नाही.

जुनी कौलं (सातारा)

मुलीकडं लंडनला गेलो होतो तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांचं 'वुमन्स क्लॉथ' बघितलं. लांबून रेशीम. हातभर अंतरावर गेल्यावर झाकणावरची अक्षरं दिसतात, काही उलटी, काही अर्धी दुमडलेली. एकेक तुकडा चारी बाजूंनी भोक पाडून बांधलेला. ठराविक घडी अशी नाहीच. दर वेळी टांगणारा माणूस चुण्या ठरवतो, अनात्सुई ते त्याच्यावर सोडतात. मुलांना हे नक्की सांगा.

त्याच म्युझियममध्ये मोझांबिकचं 'थ्रोन ऑफ वेपन्स' (शस्त्रांचं सिंहासन) आहे, तिथले कलाकार केस्टर यांनी २००१ मध्ये केलेलं. १९९२ ला तिथलं यादवी युद्ध थांबलं, लोकांनी जमा केलेल्या बंदुका कापून त्यांची खुर्ची केलीय. त्यातली एकही बंदूक आफ्रिकेत बनलेली नाही. आणि दुसरे, नायजेरियाशेजारच्या बेनिन देशातले कलाकार रोम्युआल्ड हाझूमे. त्यांच्याकडं नायजेरियातून मोटारसायकलीवर चोरटं पेट्रोल आणतात, कॅन धगीवर धरून फुगवतात, जास्त मावावं म्हणून. असे कॅन फुटून फेकले की त्यांचे ते मुखवटे करतात. ३०४ मुखवटे त्यांनी जहाजाच्या आकारात मांडले, गुलामांना कोंबून नेणाऱ्या 'ब्रूक्स' जहाजाचा जुना नकाशा समोर ठेवून. फोटो मिळाला तर वर्गात लावा. फार बोलायची गरज पडणार नाही.

तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर: मंगलोरी कौल. इंग्रजी अमलात बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशननं १८६५ ला मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि आज आपल्याकडं पडक्या वाड्यामागं या कौलांची रास असते.

मळीचा वास (जि. सांगली, निवृत्त)

बाई, मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ३१ वर्षं काढली. झाकण ही परक्यांची खूण आहे, हे मला पटत नाही.

उसाचा रस आटवून साखर काढली की उरते ती मळी. मळी आंबवली, ऊर्ध्वपातन केलं की स्पिरिट. रम हीच. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांनी ऊस लावला, त्याच्या मळीची रम झाली, आणि ती रम देऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी माणसं घेतली गेली. आता तुमच्या शाळेच्या खिडकीतून बाहेर बघा. काय दिसतं? ऊसच ना?

आणखी एक. गुलामगिरी कायद्यानं उठली तेव्हा मॉरिशसच्या मळेवाल्यांना हात कमी पडले. १८३४ पासून तिथं हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. रत्नागिरी, सातारा भागातली माणसंही मुंबई बंदरातून गेली. त्यांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणून ओळखले जातात. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथं ती माणसं उतरली, २००६ ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. आफ्रिकेच्या माणसानं सोडलेल्या सरीत आपल्याच मुलखातला माणूस उभा राहिला. हे मला नोकरीत असताना कुणी सांगितलं नाही. निवृत्तीनंतर वाचलं, आणि दोन रात्री झोप आली नाही.

इकडं आपल्याकडं १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. गाळायचं कुणी, विकायचं कुणी, ते सरकार ठरवू लागलं आणि महसूल गोळा करू लागलं. हट्ट धरा.

भंगार-मिरज

ताई, माझं मिरजेत भंगाराचं दुकान आहे. इतिहास वरच्या दादांनी सांगितला, मी हाताचं सांगतो.

झाकणाला चुंबक लावा. चिकटलं तर पत्रा, ते बिअर-सोड्याचं चुण्या-चुण्यांच्या काठाचं असतं. गंजतं आणि काठ बोट कापतं. पोरांना देऊ नका. फिरवून उघडतात ते ॲल्युमिनियम, मऊ. आतली प्लास्टिकची चकती काढायची, उभी एक चीर द्यायची, मग लाकडाच्या हातोडीनं सपाट होतंय. भोक पाडायला चांभाराची आरी, खाली जुन्या चपलेचा तळ. काठावर पॉलिश पेपर मारून मगच पोरांच्या हातात.

तार विकत घेऊ नका. तुमच्या भागात मोटर रिवायंडिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत. जळालेल्या पाणबुडी मोटरीच्या तारेचे तुकडे चहाच्या पैशात देतील. २०१९ च्या पुरानंतर माझ्याकडं नुसत्या बुडालेल्या मोटरींचा ढीग लागला होता. कृष्णेकाठच्या, सगळ्या शेतकऱ्यांच्या. त्यातलं एक वेटोळं मी अजून ठेवलंय, विकावंसं वाटलं नाही. पाहिजे तर तुम्हाला देतो. फक्त तारेचं वार्निश पोरांसमोर जाळू नका, धूर वाईट असतो.

आडवी-बाटली (ता. कराड)

बाई, मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आमच्या गावात मतदानाआधी आम्ही चार महिने दारोदार फिरलो. निम्म्याहून जास्त बायका उभ्या राहिल्याशिवाय दुकान हलत नाही, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीलाही खुर्चीवर बसवून नेलं. त्यामुळं शाळेच्या भिंतीवर दारूची झाकणं चमकताना बघून माझ्यासारखीच्या पोटात गोळा येईल. सोनं दिसेल, आणि ते सोनं माझ्या घरातून गेलेलं असेल.

तो मुलगा पिशवी घेऊन आला, ते वाचून मी फोन खाली ठेवला. त्याला तुम्ही काय म्हणालात, ते लिहिलं नाहीत. त्याचं घर वर्गासमोर उघडं पडता कामा नये. झाकणं सगळ्या गावातून गोळा करा, ओढ्याकाठची, पुलाखालची, ढाब्यामागची. त्याची ४३ त्यात मिसळून जाऊ देत. आणि आयांना आधी बोलवा. वाकळ कशी टाचायची ते तुम्हाला नाही, त्यांना येतं.

पाटी-पेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. कराडच्या ताई, तुमचं खरं आहे. मी त्याला "छान" म्हणाले होते. त्या जागी तो शब्द चुकलाच.

काल आयांना बोलावलं. अकरा जणी आल्या. मळीवाल्या काकांचा निरोप मी वाचून दाखवला, मॉरिशसचा भागसुद्धा. एक मावशी म्हणाल्या, त्यांच्या आज्याचा चुलता "बोटीनं गेला तो आलाच न्हाई", घरात एवढंच बोललं जायचं. तो मॉरिशसलाच गेला का, हे मला सांगता येणार नाही, आणि मी तसं म्हटलंही नाही. पण त्यानंतर झाकणांना कुणी नको म्हणालं नाही. अट एकच: भिंतीवर नाही लावायचं. जमिनीवर अंथरायचं, वाकळेसारखं, म्हणजे बघायला वाकावं लागेल. शाळेनंही 'टाकाऊतून टिकाऊ'ची पाटी न लावायचं कबूल केलंय.

मिरजेच्या दादा, ते वेटोळं खरंच द्याल का? शनिवारी दुपारनंतर मी मिरजेला येते. कौलांचं पुढच्या वर्षी बघू, त्याला वेगळा हात लागेल.

शुक्रवारी मुलं शिवारात गेली आणि पोत्याभर झाकणं आणली. धुवायला त्या मुलानंच बादली भरली. मावशींनी पहिले चार तुकडे बांधून दाखवले. तार ओढताना त्या दोरा दातात धरतात तशी धरायला गेल्या, मी हात धरला.